पिनांना लावलेलं जळकं ऑइल

दरेकशाच्या घाटात उतारावर ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढली गेली. शेजारी बायको होती. म्हणजे उजवा ब्रेक नीट धरत नव्हता. घरी पुढचं उजवं चाक काढून ब्रेकचे पॅड मोजले: आतला दोन मिलिमीटर, बाहेरचा आठ. या ब्रेकला पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच रेट्याने पॅड धरणारा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर आणतो. इथे पिनाच जाम होत्या.

"पिनांना काय लावलंस?" मागच्या खेपेला ब्रेकचं काम केलेल्या गावातल्या मिस्त्रीला मी विचारलं.

"जळकं ऑइल, जी. थ्रेशरले तेच लावतो. कायले तापून राहिले?"

"थ्रेशर घाट उतरतो का रे?"

ऑइलने पिनांवरच्या रबरी टोप्या फुगून आत धानाच्या बांधीतला चिखल शिरला होता. पिना साफ करून, टोप्या आणि पॅड बदलून, ब्रेकचं ग्रीस लावून घेतलं आणि तो उतार मिस्त्रीलाच शेजारी बसवून उतरलो.