मेंढरांमागं गेलेले मतदार

जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात मी शिक्षिका आहे. माहेर कोरेगावकडचं, उसाच्या शिवारातलं. शाळेबरोबर गावची मतदारयादी सांभाळायचं कामही माझ्याकडं आहे. घरोघरी जायचं, नावं तपासायची, शेरे मारायचे.

त्या हिवाळ्यात तहसीलमधून माझ्याकडं अर्जांचा गठ्ठा आला. गावातल्याच एका माणसानं धनगरवस्तीवरच्या एकेचाळीस जणांची नावं यादीतून काढावीत म्हणून हरकत घेतली होती. कारण सगळीकडं एकच: कायमचे स्थलांतरित. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि वस्तीची मतं त्याला मिळणार नव्हती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण मला त्याचा राग येईना, कारण पुरावा म्हणून त्यानं माझाच कागद जोडला होता. मागच्या तपासणीला मी वस्तीवर गेले, तेव्हा ओळीनं कुलपं दिसली. दिवाळी होऊन गेली तरी ऊन मी म्हणत होतं. झाडाखाली बसून मी एकेचाळीस नावांपुढं 'घर बंद, स्थलांतरित' असं लिहून मोकळी झाले होते.

सुनावणीच्या नोटिसा बजावायचं काम माझ्याच वाट्याला आलं. दारांवर चिकटवून परत आले असते, तरी मला कुणी विचारलं नसतं. वस्तीवर राखणीला एक म्हातारे बाबा तेवढे मागं राहिले होते. मी त्यांना विचारलं, "ही माणसं कायमची गेलीत का हो?"

"कायमचं कोन जातंय बाई?" ते म्हणाले. "दिवाळी झाली की चाऱ्यामागं जायाचं, पाऊस लागला की माघारी. माझा बा बी तसंच करायचा. आवंदा कोरेगावाकडं हायती."

मी वडिलांना फोन लावला. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मोटारसायकलवर दोन दिवस आसपासची रानं धुंडाळून त्यांनी कळप शोधून काढला.

रविवारी मी वडिलांबरोबर तिथं पोचले. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवली होती, बाजूला राहायला कापडी पालं ठोकली होती. वस्तीची कारभारीण, साठीच्या पुढची बाई, चुलीपुढून उठून आली. तिनं नोटीस उलटसुलट करून पाहिली.

"ह्यात काय लिवलंय?"

"तुम्ही गाव सोडून गेलात, म्हणून नाव काढायचंय, असं लिहिलंय."

"कुनी सांगितलं?"

"मीच लिहिलं होतं," मी म्हणाले.

तिनं नोटिशीची घडी घालून कमरेला खोचली. मग म्हणाली, "वस्तीवर आमचा बिरोबा हाय. सासऱ्याला तितंच माती दिली. गाव कसं सोडू बाई? आता तुमीच लिवलंय, तर तुमीच निस्तरा."

घरी जाताना वडील तणतणत होते. "मी चोवीस वरसं सरहद्दीवर हुतो. माझं नाव गावच्या यादीत हुतंच की. म्या बंदूक घिऊन गेलो तरी गावचा, आन ही काठी घिऊन गेली की परकी व्हय गं?"

त्याच संध्याकाळी मी सोबत आणलेलं निवडणूक कायद्याचं पुस्तक काढून बसले. फौजींची तरतूद वेगळी होती. पण तिच्या जवळच आम्हाला हवं ते सापडलं: तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं गावचं रहिवासीपण जात नाही. वडिलांनी ते तीनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी रानात बसून त्यांनी प्रत्येकाचं म्हणणं कागदावर उतरवलं, सह्या-अंगठे घेतले.

सुनावणीला वस्तीची बारा माणसं टेम्पोनं आली. हरकत घेणाऱ्याचा वकील उठला आणि म्हणाला, "साहेब, शिक्षिकेचाच शेरा आहे. आणखी पुरावा कशाला?"

मी उभी राहिले. "शेरा चुकीचा आहे, साहेब. घराला कुलूप होतं, एवढंच मी पाहिलं. माणसं कुठं गेली, हे मी कुणालाच विचारलं नाही."

प्रांतसाहेबांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. मग कारभारणीला विचारलं, "तुमचं दुसरीकडं कुठं घर आहे का?"

"मेंढरं हायती तवर पाल हेच घर, साहेब. पर दार हाय ते गावातच."

वकिलाकडं त्यांनी दुसऱ्या घराचा कागद मागितला. एकाही नावाचा नव्हता. साहेबांनी कलम मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "अठरा वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला मताचा हक्क राज्यघटनेनं दिलाय. नाव काढायचं तर कायद्यातलं कारण लागतं. कुलूप हे कारण होत नाही." एकेचाळीसच्या एकेचाळीस हरकती त्यांनी तिथंच फेटाळल्या.

बाहेर आल्यावर कारभारणीनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा तोल गेला. नंतर चुकीच्या शेऱ्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली. घडलं तसं लिहून दिलं. ताकीद मिळाली, ती घेतली.

मतदानाला सगळ्यांनी जायचं, तर कळप कुणी राखायचा? वडिलांनी फौजेतले दोन जुने सोबती बोलावले आणि काठ्या घेऊन तिघं रानात उभे राहिले. दुपारी त्यांचा फोन आला. "लय अवघड पलटण हाय गं! एक बी ऐकंना."

मी केंद्राबाहेर मतदारांना यादीतला क्रमांक शोधून देत होते. माझीच शाळा, माझाच वर्ग. खिडकीतून आतलं दिसत होतं, ऐकूही येत होतं. कारभारीण आत गेली आणि मतदान अधिकाऱ्यानं तिचं नाव खणखणीत पुकारलं. हरकत घेणाऱ्याच्या प्रतिनिधीनं मान खाली घालून आपल्या यादीत खूण केली. मग पुढचं नाव आलं, मग त्याच्या पुढचं. मी बोटांवर मोजत होते. एकेचाळिसावं नाव एका अठरा वर्षांच्या पोरीचं होतं. पुकारा झाला, तशी ती आतूनच एवढ्या जोरात "हाय!" म्हणून ओरडली की बाहेरची सगळी रांग हसली.