एवान्थियाच्या गाडीचा लाल रंग

एवान्थियाची गाडी मुळात लाल होती, हे ग्रीसमधल्या आमच्या लेरोस बेटावरच्या तरुण पोरांना सांगूनही पटलं नसतं. खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने तिचे दरवाजे फिकट गुलाबी करून टाकले होते. हात लावला की बोटांना खडूसारखी भुकटी लागायची. टपाचे आणि बॉनेटचे तर पोपडे सुटले होते. मासळी साफ करताना खवले उडावेत तसे ते वाऱ्यावर उडायचे आणि खालून गंजाचे ठिपके डोकावायचे.

पण त्या गाडीचा बेटावर मान होता. आमच्याकडचे पुरुष बोटींवर नोकरीला, वर्षातला बराच काळ परक्या समुद्रांवर. गाडी दारात उभी आणि बायको पायी, असा घरोघरचा प्रकार. एवान्थियाचा नवराही बोटीवरच होता. तिने त्याच्या माघारी आपली आपण गाडी शिकून घेतली, आणि मग शेजारणींना शिकवायला लागली. लक्कीच्या बंदराकडे जुन्या इटालियन राजवटीने बांधून ठेवलेले रुंद रस्ते आहेत, दुपारी तिथे कुत्रंसुद्धा नसतं. तिथे या बायकांची शाळा भरायची. सुट्टीवर आलेला नवरा धक्क्यावर उतरावा, तर समोर बायको गाडी घेऊन हजर! काहींना कौतुक वाटलं, काहींनी एवान्थियाच्या नावाने बोटं मोडली. माझी बायको कलियोपी तिच्याच हाताखाली शिकली. गाडीच्या मागच्या दरवाजाला एक खोल पोचा आहे, तो आपणच पाडला हे ती कधी कबूल करायची नाही.

बंदरावर माझं रंगाचं आणि बोटींच्या सामानाचं दुकान आहे. थंडी सरत आली होती तेव्हा एका सकाळी एवान्थिया दुकानात आली. सत्तरीला टेकलेली, उंच, पाठ सरळ.

"पांदेलिस, गाडीला रंग द्यायचाय. स्वस्तातला मार्ग सांग. महागातले सगळे ऐकून आलेय."

ती फेरीबोटीने पलीकडच्या कोस बेटावर जाऊन आली होती. तिथल्या रंगाऱ्याने सांगितलेल्या पैशांत अशा दोन गाड्या आल्या असत्या. दुसरा एक जण म्हणाला, वरून रंगीत प्लास्टिक चिकटवून देतो, पण पोपड्यांवर ते टिकणार नाही हेही त्यानेच सांगितलं. अथेन्सचा मुलगा फोनवर म्हणाला होता की भंगारात दे, मी दुसरी घेऊन देतो.

"मग घेऊ दे ना त्याला, मावशी," मी म्हणालो.

"तुझी आई म्हातारी झाली तेव्हा तू दुसरी आणलीस का?"

मी फळीवरचे डबे काढायला लागलो. फवाऱ्याचे छोटे डबे तिला देण्यात अर्थ नव्हता. ओरखड्यापुरते ते ठीक, अख्ख्या टपावर मारले की ढग उतरल्यासारखं दिसतं. मी तिला गंजावर मारायचा प्रायमर दिला, बोटीचा लाल रंग दिला, स्पंजचा रोलर आणि पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर दिला. "पातळ हात द्यायचा. वाळला की घासायचा, मग पुढचा. घाई केलीत तर ओघळ येतील."

मास्तर सावास कोपऱ्यात कॉफी पीत बसले होते. जन्मभर लाकडी होड्या बांधलेला कारागीर, म्हणून सगळ्यांचा मास्तर. ते हसले. "रोलरने गाडी रंगवणार? भिंत आहे का ती?"

"तुमच्या होड्या काय आभाळातून रंगून यायच्या?" एवान्थिया म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

तिने अंगणात ताडपत्री बांधली आणि आधी टप, बॉनेट घासायला बसली. मी येता-जाता बघायचो. डोळे मिटून ती पत्र्यावर तळवा फिरवायची. जुन्या रंगाची कड बोटाला लागली की पुन्हा बादलीत कागद बुडवायचा, पुन्हा घासायचं. मग प्रायमर. मग लालचा पहिला हात. तो इतका विटका आणि ठिगळाठिगळांचा दिसला की सावास दाराशी येऊन नुसते मान हलवून गेले. तिने तो वाळू दिला, घासला, दुसरा दिला. प्रत्येक हातागणिक लाली दाट होत गेली.

शेवटचा हात दिला तो दिवस अगदी निवांत होता. पान हलत नव्हतं. ओल्या बॉनेटमध्ये आख्खी ताडपत्री उलटी दिसत होती. आणि दुपारी दक्षिणेचा वारा सुटला.

आफ्रिकेची धूळ आमच्याकडे वसंतात येतेच, पण त्या दिवशी तिने आभाळच पिवळं केलं. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. मी दुकान टाकून पळत गेलो तोवर ताडपत्री कुंपणाला जाऊन अडकली होती, चार थेंब चिखलाचे पडले होते, आणि टप, बॉनेट सगळं रव्यात घोळल्यासारखं झालं होतं.

मी वाऱ्याला, आभाळाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. एवान्थिया बॉनेटजवळ उभी होती. तिने एका बोटाने थोडी धूळ उचलली आणि उजेडाकडे धरली.

"वाळवंटातून निघाली असेल ही," ती हळूच म्हणाली. "एवढा समुद्र ओलांडला. कुठेच टेकली नाही. आणि उतरली ती माझ्या गाडीवर."

तिच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता. एखादं परकं जहाज बंदरात शिरताना लहान मूल जसं बघतं, तशी ती त्या बोटाकडे बघत होती. मी शिव्या आवरल्या. मला माझीच लाज वाटली, आणि त्या बाईकडे नुसतं बघत राहावंसं वाटलं.

रंग पक्का वाळेपर्यंत तिने कळ काढली आणि मग पुन्हा बादली घेऊन बसली. मी गेलो तेव्हा टपाच्या पलीकडच्या बाजूने सावास घासत होते. बोलावलं कुणी नव्हतं.

"हळू घासा मास्तर," ती त्यांना म्हणाली. "भिंत आहे का ती?"

सावास गालात हसले आणि त्यांनी हात हलका केला.

वरून आणखी एक हात दिला, टप आणि बॉनेट झालं. दरवाजे उरले. त्यांचे पोपडे सुटले नव्हते, फक्त वरचा रंग मेला होता. मी पॉलिशच्या पेस्टचा डबा नेऊन दिला. म्हटलं, "कदाचित रंग द्यावाच लागणार नाही. आधी कोपऱ्यात तळहाताएवढं घासून बघा."

कलियोपी माझ्यासोबत आली होती. एवान्थियाने जुन्या फ्लॅनेलला पेस्ट लावली आणि लहान लहान गोल फिरवत राहिली. कापड लाल झालं. मग स्वच्छ फडक्याने तिने ती जागा पुसली.

आम्ही तिघंही जवळ वाकलो. त्या गुलाबी भुकटीच्या मधोमध एक लाल डोळा उघडला होता. पिकल्या डाळिंबाच्या आतला असतो तसा लाल, खोल, ओला वाटणारा. मी आयुष्यभर रंग विकला. डब्यात लाल किती प्रकारचा असतो ते मला ठाऊक आहे. पण नजरेआड गेलेला रंग असा माघारी आलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अगं बाई," एवान्थिया म्हणाली, "हा कुठे गेलाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी कलियोपी घरचं फडकं घेऊन गेली. तिने आणखी दोघींना सांगितलं असावं. आठवडाभर अंगणात एवान्थियाच्या जुन्या विद्यार्थिनींची ये-जा चालू होती. सगळ्या आता आज्या झालेल्या, पण एवान्थिया त्या वेळच्याच मास्तरणीच्या आवाजात ओरडायची. "दाबू नकोस! पहिला गिअर आहे, पहिला!" कलियोपी कुणी न सांगता मागच्या दरवाजापाशी बसली आणि पोच्याच्या आतला रंग बोटाने घासून तिने वर काढला.

मेणाचा हात झाला आणि एवान्थियाने गाडी बाहेर काढली. जवळून बघितलं तर टपावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. टपाचा लाल आणि दरवाजांचा लाल तंतोतंत जुळत नाहीत, आणि ती ते स्वतःहून सांगते. पण त्या संध्याकाळी लक्कीच्या रुंद रस्त्यावरून ती आली तेव्हा कॅफेतली माणसं पत्ते खाली ठेवून उठली. मावळतीचा उजेड दारांवरून वाहत होता. झाडं, कमानी, नांगरलेल्या होड्या, सगळं त्या लालमधून सरकत गेलं. सावासांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ही तीच का?" कुणीतरी विचारलं.

"तीच," कलियोपी म्हणाली.

त्यावर दोन उन्हाळे गेले. रंग टिकून आहे. उन्हं तापायच्या आधी एवान्थिया मेण न्यायला दुकानात येते, गाडी समोर निलगिरीच्या सावलीत लावते. मी डबा बांधून देतो आणि काहीतरी निमित्त काढून तिच्यासोबत गाडीपर्यंत चालत जातो.