पागोळीची जागा सोडून

आमच्या खारी गावात घर बांधायला परवानगी काढत नाहीत, सुट्ट्या बघतात. शनिवार-रविवारला लागून एखादा सण आला की ठेकेदार शुक्रवारी संध्याकाळी रेती टाकतो, निळी ताडपत्री बांधतो आणि पालिकेचं ऑफिस उघडेपर्यंत स्लॅब भरून मोकळा होतो. मग कोणी विचारलंच तर सांगायचं, जुनंच आहे साहेब, फक्त रंग दिलाय. ह्यात कोणाला काही चोरटं वाटत नाही. मिठागरं आमची होती, भातशेती आमची होती. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले तेव्हा आम्हाला कोणी विचारलं होतं का, असा सगळ्यांचा रोकडा सवाल. सवाल खराच आहे. तरी मी म्हटलं, मी परवानगी काढणार.

सगळे हसले. ठेकेदार तर पोट धरून हसला. "ताई, गावठाणात परवानगी? पुढच्या महिन्यात सुट्ट्या जोडून हायत. मी करून देतो ना!"

हसू देत. माझ्या वडिलांनीही दिवाळीच्या सुट्टीत घरावर एक खोली चढवली होती, माझ्यासाठी. माझं लग्न मोडलं, मी परत आले आणि खाली एकाच खोलीत आम्ही तिघं, म्हणून. त्या खोलीत मी पुरता महिनाही झोपले नाही. कोणीतरी तक्रार केली, तोडायला गाडी आली आणि बाबा छताचा पंखा दोन्ही हातांत धरून रस्त्यावर उभे राहिले. तेवढाच काढता आला होता. त्यांना कोणी धक्का दिला नाही की आवाज चढवला नाही. एक जण तर म्हणाला, "काका, बाजूला व्हा, लागेल." पण त्यानंतर बाबा घरी येताना मान वर करत नसत. ते गेले, माझा राग मात्र गेला नाही. मला माझी खोली परत हवी होती, दार लावता येईल अशी. आणि ह्या वेळी ती कोणी तोडू शकणार नाही असा कागद हवा होता. पन्नाशी आली तरी मी आईशेजारी चटई टाकून झोपत होते, तेव्हा एवढं मागणं काही जास्त नव्हतं.

घर पाडून नवं बांधायची वेळ आली ती मागच्या टॉवरमुळे. त्याच्या पायाचं काम चाललं होतं तेव्हा आमची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. तड बघायला सगळ्यात आधी कोण आलं, तर त्याच बिल्डरचा माणूस. भिंतीला हात लावून चुकचुकला आणि म्हणाला, "आंटी, दे डालो ना अभी. दोन्ही घरं मिळून द्या. टू बीएचके देतो, लिफ्ट, पार्किंग, सब."

"आमच्याकडे गाडी नाही."

"घ्याल ना पुढे!"

दोन्ही घरं म्हणजे आमचं आणि शेजारच्या काकांचं. काका आमच्या भावकीतलेच, बाबांचे चुलत भाऊ. त्यांनी हो म्हटलं होतं. पण एकट्या घराचा बिल्डरला उपयोग नव्हता, त्यामुळे काकांचा फ्लॅट आमच्या होकारावर अडला होता. मी नाही म्हटलं. आईला विचारायचीही गरज पडली नाही. ती लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी राहते.

मी मीरा रोडला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. तिथल्याच ओळखीतून एक आर्किटेक्ट मिळाला. मुलगा हुशार होता. त्याने खाली दोन खोल्या आणि वर एक असा नकाशा काढला आणि वरच्या खोलीवर पेन्सिलीने टिचकी मारत म्हणाला, "ही तुमची." मी तो नकाशा दवाखान्यात सगळ्यांना दाखवला. पेशंटनासुद्धा.

मग मोजणी आली. मी कामावर होते, घरी आई एकटी. गावठाणातल्या घरांच्या हद्दी जुन्या नकाशांत धड नसतात, म्हणून मोजणीदार मालकालाच विचारतो. त्याने म्हटलं, "आजी, तुमची हद्द कुठपर्यंत, तिथे उभ्या राहा."

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमची आणि काकांची वळचण समोरासमोर येते आणि मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढा बोळ आहे. दोन्ही छपरांच्या पागोळ्या त्यात पडतात. त्या जागेत कोणी साधी बादलीही ठेवत नाही. निम्मी आमची, निम्मी त्यांची, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ती आपली म्हणून दाखवायची नसते. हद्द दाखवायची झाली तर माणूस आपल्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि पागोळीची जागा सोडतो. बोळाच्या मध्यावर जाऊन उभं राहणं म्हणजे हावरटपणा. तेव्हा आई उभी राहिली भिंतीला पाठ लावून, पदर नीट करून. मोजणीदाराला आमची रीत कशी ठाऊक असणार? तिचे पाय जिथे होते तिथे त्याने रेघ मारली.

आर्किटेक्टचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. "मॅडम, वरची खोली बसत नाहीये. मोजणीत अर्धा बोळ धरलाच नाही, हद्द भिंतीपाशीच आली. आता जिना सोडून नियमात खोलीला जेवढी रुंदी लागते, तेवढी वर उरत नाही."

मी भडकले. घरी आले ती चप्पल न काढताच आईसमोर उभी राहिले. म्हटलं, आपण परत मोजणी मागवू, आणि ह्या वेळी तू बोळाच्या मध्यावर उभी राहा. हक्काचं आहे आपलं.

आई तांदूळ निवडत होती. "ती जागा पान्याची हाय. आपली न्हाय."

"निम्मी आपली आहे!"

"हाय. पन तिथं उभा नाय रावाचा."

"आणि माझी खोली?"

ती ताटातले खडे बाजूला काढत राहिली. मला तिचा इतका संताप आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. एका घरात, एकाच खोलीत दोन दिवस न बोलणं सोपं नसतं, करून बघा.

त्यातच ऑफिसातून पत्र आलं. आमच्या अर्जावर काकांनी हरकत घेतली होती. आमची भिंत वर गेली की पागोळीची जागा आम्ही गिळणार आणि सगळं पाणी त्यांच्या घरात शिरणार, असं त्यांचं म्हणणं. पत्रातली भाषा काकांची नव्हती, इतकी कायद्याची भाषा त्यांना सात जन्मांत जमली नसती. कोणी लिहून दिलं ते सांगायला नको. पण सही त्यांची होती. मी ते पत्र आईपुढे धरलं. म्हटलं, बघ, ज्यांच्या घरात पाणी जाऊ नये म्हणून तू माझी खोली घालवलीस, ते काका तुला काय म्हणतायत बघ. आईने कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला परत दिला. "जाव आपन तिथं," म्हणाली. "मी पन येतंय."

सुनावणीला आम्ही दोघी आणि काका एकाच बाकावर बसलो होतो. मध्ये आई. काका खाली बघत होते. आमचा पुकारा झाला. साहेब तरुण होते, थकलेले होते आणि त्यांना ह्या सगळ्यातून लवकर मोकळं व्हायचं होतं. ते म्हणाले, "बोला काका, हरकत काय आहे?"

"सायब, यांची भित वर गेली का सगला पानी माझे घरान येल. पागोलीची जागा हे खानार."

साहेबांनी नकाशा त्यांच्याकडे फिरवला. "इथे बघा. ही यांची हद्द, हे तुमचं घर. मधला अख्खा बोळ आजींनी बाहेर सोडलाय. अर्धासुद्धा घेतला नाही. मग हरकत कशाची?"

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ नकाशा बघितला, मग आईकडे बघितलं.

"भितीशी उभी व्हतू, भावजी," आई म्हणाली. "नायतं कुठं उभी रानार?"

मी काकांना लहानपणापासून ओळखते. माणूस भांडकुदळ आहे, भांडणात शेवटचा शब्द त्यांचाच. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. साहेबांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "न्हाय. हरकत न्हाय," आणि दाखवलं तिथे सही केली. बाहेर जिन्याशी बिल्डरचा माणूस उभा होता. "काय झालं, काका?" असं तो दोनदा म्हणाला. काका तसेच खाली उतरले, शेअर रिक्षात बसले आणि आम्हा दोघींना बसता यावं म्हणून आत सरकले. मी मुद्दाम आईला मध्ये घातलं. 

मी म्हणत होते तशी परत मोजणी झाली असती, तर ती हरकत टिकली असती, हे मला कळतं. आर्किटेक्टने तसं बोलूनही दाखवलं. म्हणून आई जिंकली असं कोणी म्हणू नका. परवानगी मिळाली ती तिच्यामुळे, आणि खोली गेली तीही तिच्यामुळेच. दोन्ही खरं आहे आणि दुसऱ्याचं दुःख पहिल्याने कमी झालं नाही.

घर उभं राहिलं, कामाच्या वारी, भर उजेडात. ताडपत्री बांधू दिली नाही. दारात परवानगीचा बोर्ड लावला आणि तो बघायला नवघरपर्यंतची माणसं येऊन गेली. ठेकेदार तोच, पूर्वी हसलेला. आता तो बोर्डाशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता.

वर, जिथे माझी खोली होणार होती, तिथे अरुंद पट्टी उरली. मंजूर नकाशात तिला 'स्टोअर' म्हटलंय. अडगळीच्या जागेला रुंदीची अट नाही. मी सुताराला तिथे पूर्ण उंचीचं दार बसवायला सांगितलं.

"ताई, अडगळीला आतून कडी कशाला?"

"लाव म्हटलं ना."

पलंग तिथे मावत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत फळी ठोकून घेतली आहे, तिच्यावर गादी. कूस बदलताना कोपर आपटतं. नियम मोडलाय हे मला ठाऊक आहे, आणि परवानगी-परवानगी म्हणून गाव डोक्यावर घेणारी बाई हीच, असं कोणी म्हणालं तर खुशाल म्हणू दे. तपासायलाही येऊ देत कोणी. तोडणार काय? भिंती मंजूर आहेत, छप्पर मंजूर आहे, दारसुद्धा मंजूर आहे. आत झोपलेली बाई तेवढी नकाशात नाही.