करीमचाचांची तार आणि माझी झोपमोड

शेलूबाजारला, माहेरी, ऐन थंडीत माझं पहिलं बाळंतपण झालं... आणि भिंतीपलीकडे घर कुणाचं, तर करीमचाचा पिंजाऱ्यांचं! आता सांगा, बाळंतिणीला झोप कशी लागणार?

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट आहे ही. आज आठवली, कारण वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन सुरू आहे आणि माझी नात सकाळपासून धुसफुसतेय. तिला म्हटलं, बस इथे, मी सांगते ते टाईप कर... तेवढंच तुझं लक्ष दुसरीकडे लागेल.

थंडी पडायला लागली की गाद्या-रजयांचा कापूस पिंजून घ्यायला अख्खं गाव चाचांकडे. माणसाएवढं धनुष्य छताला टांगलेलं. त्याची तार कापसात धरायची आणि लाकडी ठोक्याने हाणायची... टंय्, टंय्, टंय्! उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. जरा थांबलं म्हणून डोळा लागावा, तर दुसरी गादी हजर.

बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नाही, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, डोक्याला फडकं, कानात कापूस. आणि गंमत म्हणजे तो कापूसही चाचांनीच पिंजलेला! शेक, धुरी, बिनतिखटाचं जेवण... सगळं सोसलं मी. पण त्या आवाजाने जीव नकोसा झाला होता.

माय म्हणायची, "हेच तं दिवस हायेत त्याचे कमवायचे, वाजू दे वं." तिचं बरोबरच होतं. तरी बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकीजवळ मी हेच रडगाणं गायचे.

शेवटी कंटाळून बाबा चाचांशी बोलायला गेले. मी भिंतीला कान लावून... वाटलं, आता चांगलीच जुंपणार. पण चाचा म्हणाले, "भाऊ, आधी काहून नाई सांगतलं? कापसाची धूळ बी लेकराच्या नाकात जात असन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं सगळं सामान उचललं आणि गावाबाहेरच्या आमराईत कामाला बसायला लागले. काय ती शांतता! मी पाय ताणून झोपले... पण कुठलं काय, लेक रडायला लागली.

भूक असेल म्हणून पाजायला घेतलं तर पिईना. दृष्ट काढली, घुटी दिली, ओव्याने पोट शेकलं, वैद्यबुवा येऊन गेले. रडून रडून तिचा आवाज बसला, गाल आत गेले. त्या काळी लेकरं अशीच हातची जायची, माझ्या थोरल्या बहिणीचं गेलं होतं. मी घाबरले... फार घाबरले. मायसमोर रडायचीही चोरी, कारण ती माझ्याआधी रडायला लागायची.

मग एका दुपारी चाचा धनुष्याला नवी तार चढवायला घरी आले. ताण बघायला त्यांनी एकदाच छेडली... टंय्! आणि लेक रडता रडता थांबली. पुन्हा टंय्... तिचे डोळे मिटायला लागले.

माय आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. मग डोक्यात उजेड पडला. मी सातव्यात माहेरी आले तेव्हापासून, पोटात असल्यापासून, पोरगी हेच ऐकत होती. तिला तीच अंगाई!

आता हे चाचांना कोणत्या तोंडाने सांगायचं? बाबा हसत सुटले. "मी नाई जात आता. तूच सांग." मला तर खोलीबाहेर पडायची बंदी. मग काय... भिंतीलाच तोंड लावून ओरडले, "चाचा, थांबू नका ना जी!"

पलीकडून मग चाचांचं खो खो हसणं. "अवं बेटी, बंद कराले तूच लावलं, आन् चालू कराले बी तूच!"

धूळ नको म्हणून कापूस त्यांनी आमराईतच ठेवला. पण रोज दुपारी हातातली गादी अर्धी टाकून घरी यायचे आणि लेक झोपेपर्यंत नुसती तार वाजवत बसायचे. रस्त्याने जाणारे थट्टा करायचे, "चाचा, हवा पिंजून राह्यले काय?" चाचा म्हणायचे, "व्हय. पोरीची रजई भरून राह्यलो."

सासरी इंझोरीला निघायची वेळ आली आणि पुन्हा मला तीच काळजी. तिथे कोण वाजवणार? निघताना चाचांनी एक छोटंसं धनुष्य हातात ठेवलं आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, तार बकऱ्याच्या आतड्याची हाय. हिच्या सासरी चालन का, इचारून घ्या."

माझ्या सासूबाई म्हणजे सोवळ्याच्या कडक. चामड्याची चप्पलही अंगणाच्या कोपऱ्यात काढायला लावायच्या. लपवाछपवी नको म्हणून मी गेल्या गेल्या खरं सांगून टाकलं. त्यांनी फक्त बोटाने दाखवलं... धनुष्य उंबऱ्याबाहेर.

संध्याकाळी लेकीने सूर लावला. मी चुलीपाशी, हातात भाकरी, आणि डोळ्यांतून धारा. रडणं वाढत गेलं, वाढत गेलं... आणि एकदम थांबलं.

धावत जाऊन बघते तर सासूबाई पाळण्याशी बसलेल्या. एका हातात पाळण्याची दोरी, दुसऱ्या हाताने तार छेडतायत. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पाहून काय राह्यली? मले बराबर जमत नाई. तुह्या त्या चाचाले इचारून घे, कसं वाजवतेत."

लेक जगली, वाढली, आज ती स्वतः आजी आहे. चाचांना जाऊन किती तरी वर्षं झाली. तुमचे उपकार झाले, असं त्यांना कधी तोंडाने म्हटलं नाही मी... तेव्हा घरच्या माणसांना तसं म्हणायची पद्धतच नव्हती. आज म्हणते, चाचा.