फुटक्या मडक्याची भुकटी

पोरीनं माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा मी एक नाटक केलं. आमच्या ख्रिस्ती शास्त्रातला एक संदेष्टा लोकांसमोर मडकं फोडतो आणि सांगतो, हे शहर असंच फुटेल, पुन्हा सांधता येणार नाही. आमच्या मरोदा वस्तीतल्या प्रार्थनासभेत यावर मी वर्षानुवर्षं बोललेलो. तर मीही पोरी-जावयासमोर पाण्याचं मडकं अंगणात आपटलं आणि म्हणालो, "आपलं नातं हे असं." स्वतःला कोण समजत होतो, देव जाणे!

बायको म्हणाली, "त्याच्या आधीचा अध्याय वाचा ना. कुंभार बिघडलेलं मडकं मोडून पुन्हा घडवते." मी ठणकावलं, "ती ओली माती. भाजलेलं मडकं सांधत नाही." दोन वर्षं मी या एका मुद्द्यावर अडून बसलो.

मग एका दुपारी हॉस्पिटलातून बायकोचा फोन. पोरीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. "तीन वाजता आत नेतात. बाबाले पाहूनच जाईन म्हणून राहिली. या ना हो!" स्कूटर काढली, तर कॅम्प-१ वस्तीजवळचं रेल्वे फाटक बंद. मालगाडी संपता संपेना. पावणेतीन झाले. देवा, माझ्या हट्टाची शिक्षा तिला नको रे, एवढंच तोंडात येत होतं.

फाटकाशेजारी एक कुंभारीण खापऱ्या कुटत बसली होती. जीव इतका चिडलेला, की उगाच तिच्यावरच खेकसलो, "टूटा हुआ कभी जुड़ता है क्या?" तिनं मानही वर केली नाही. "जुड़य नहीं बाबू. कूट के नवा माटी म मिलाथन. तभे सिगड़ी आगी म नइ फूटय."

म्हणजे फुटकं सांधत नाही, पण भाजलेल्या खापरीची भुकटी नव्या मातीत मिसळली, तरच नवी सिगडी विस्तवात टिकते! माझा तो मुद्दा तिथंच संपला. मी भर रस्त्यात रडलो. तेवढ्यात फाटक उघडलं.

पोचलो तेव्हा स्ट्रेचर दाराशी होतं. पोरीचे ओठ सुकलेले, तरी बोललीच, "बाबा, आज काय फोडाले आले?" मी तिचा हात कपाळाला लावला, जावयाला जवळ ओढलं. "मायंच चुकलं गं. सगळं मायंच." मग तिला आत नेलं. चार तास आम्ही तिघं एका बाकावर बसून होतो.

पोरगी वाचली. ती बाई देवदूत होती असं मी म्हणत नाही. कुंभारीण होती, आजही तिथंच बसते. तिच्याकडची सिगडी आमच्या अंगणात आहे, मडकं फोडलं होतं त्याच जागी. सभेत आता बायको बोलते, मी ऐकतो. आणि रोज इतकंच मागतो: प्रभू, तुला हवं तेवढं मला कूट, पण फेकू नकोस.