वाटी नव्हे, वाढी

तेरा वर्षांची होते तेव्हा मी गडमुडशिंगीच्या तालमीत रोज पाचशे बैठका मारायची. एक कमी झाली तर वस्ताद ओरडण्याआधी मीच स्वतःला शिव्या द्यायची. त्या पावसाळ्यात उजव्या गुडघ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायचं, पण ते पुसून मी परत मॅटवर जायची.

शेवटी वडिलांनी, म्हणजे आबांनी, कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवलं. तपासून झाल्यावर मला बाहेर बाकावर बसवलं आणि आत दोघंच बोलले. घरी आल्यावर आबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "वाटीचं दुखणं हाय म्हटला डॉक्टर. तालीम बंद."

आमच्याकडे गुडघ्याची वाटी म्हणजे एकदा झिजली की गेली. शेजारची काकू तर सांत्वनालाच आली. "वाटी गेलेली पोरगी कोण करून घेणार गं?" मला लग्नाचं काही पडलं नव्हतं. मला कुस्ती पाहिजे होती. सात महिने मी संध्याकाळी तालमीतले थापांचे आवाज ऐकत घरात बसले आणि घरातल्या प्रत्येकाशी भांडले.

मग एक दिवस शाळा बुडवली, एक्स-रेचं पाकीट काखेत मारलं आणि एकटीच बसनं कोल्हापूरला गेले. डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "माझी वाटी किती वर्षं टिकंल?"

ते आधी गोंधळले, मग हसले. "वाटी ठणठणीत आहे तुझी. मी वाढीचं दुखणं म्हणालो होतो. वाढ थांबली की बहुतेकांचं जातं. सगळ्यांचं जातंच असं नाही. गाठ राहील, गुडघा टेकलास की टोचेल. बैठका कमी कर, मांड्यांत ताकद आण. पण खेळ सोडायला मी कधी सांगितलं?"

घरी येऊन मी दारातूनच ओरडले, "वाटी नव्हं, वाढी!" आबा ताटाकडं बघत म्हणाले, "ऐकण्यात चूक झाली." आई इतकी हसली की तेव्हापासून आमटी घेऊन आली की विचारते, "वाटी देऊ का वाढू?"

वस्तादांनी पाचशेवरून पन्नासावर आणलं. अपमान वाटून मी रडले, पण ऐकलं. सतरा-अठराव्या वर्षी दुखणं जवळजवळ गेलं. मोठी मैदानं काही मारली नाहीत, पण जेवढ्या कुस्त्या केल्या त्या हौसेनं केल्या. आज तिशीत गाठ आहे तिथंच आहे. गुडघा टेकून फरशी पुसता येत नाही, म्हणून फरशी नवरा पुसतो. ज्याला हसायचं त्यानं हसावं. त्याच तालमीत आता मी पोरींना शिकवते, आणि कुणी गुडघा धरून बसली की आईबापांसोबत तिलाही डॉक्टरांसमोर बसवते. दुखणं तिचं, तर ऐकायचंही तिनंच.

गेल्या महिन्यात आबांना दवाखान्यात नेलं. त्यांच्या वाट्या खरोखरच झिजल्यात. परत येताना स्कूटरवर मागून ते एकदम म्हणाले, "त्या दिवशी मला बरोबर ऐकू आलतं."

मी गाडी बाजूला घेतली. "म्हंजे?"

"वाढीचंच म्हटला हुता. पोरगी मोडून बसंल म्हणून भ्यालो. सोडून देशील आपसूक, वाटलं."

"सात महिनं, आबा," मी म्हणाले. पुढचं बोलले असते तर रस्त्यावर तमाशा झाला असता. भीती समजते मला, मीही पोरींसाठी भिते. पण ते सात महिने माझे होते आणि मी ते अजून माफ केलेले नाहीत.

माहेरी पोचलो तर जेवण तयार होतं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. पातेलं हातात घेऊन तिनं नेहमीसारखं विचारलं, "वाटी देऊ का वाढू?"

आबा हसले नाहीत.

"वाढ," मी म्हणाले. "मला तालमीत जायचंय."