मामाने मागून ओढलेला लाल पट्टा

मामा गेला. आता सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात. टाका सरळ घालायचा, शब्दाला पक्का होता, कुणाला नाही म्हणायचा नाही. सगळं खरं आहे. पण त्या लाल पट्ट्याचा विषय कुणी काढत नाही, आणि मामाला कुणी विचारलं असतं तर त्याने आधी तेच सांगितलं असतं.

मामा गाड्यांच्या सीटा शिवायचा. गल्लीच्या तोंडाशी एक गाळा, आत शिलाई मशीन, भिंतीला टेकून फोमच्या लाद्या. खडू कानावर ठेवायची सवय, त्यामुळे एक कान कायम पांढरा. ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, म्हणायची, "तुझा एक कान म्हातारा झाला आणि एक अजून लग्नाचा आहे."

त्याच्या कामात एक गोष्ट ठरलेली. बांधलेलं दिसता कामा नये. कव्हरचं इलॅस्टिक सीटच्या मागून खाली घ्यायचं, खालच्या हुकात अडकवायचं आणि असं ताणायचं की कव्हर म्हणजे सीटची कातडीच वाटावी. तीस वर्षं हात तेच करत होते. मागून घ्या, खाली ओढा, ताणा.

बारक्या हा ताईचा मुलगा. सहा फूट वाढला तरी नाव बारक्याच. छापखान्यात कामाला होता, जुनी छोटी गाडी घेतली होती. एक दिवस पिशवी घेऊन गाळ्यावर आला.

"मामा, हे बसवून दे."

पिशवीत लाल पट्टे. दोन खांद्यांवरून यायचे, दोन कमरेला, मधे पोटावर बक्कल.

"हे काय, विमानातून उडी मारणार आहेस?"

"रेसवाले लावतात. एकदम सेफ असतं."

सोबत एक कागद होता, बारीक अक्षरांचा, चित्रांचा. मामाने त्यावर चहाचा ग्लास ठेवला. वाचायचं आणि मामाचं कधी जमलं नाही, आणि पट्टा बसवायला वाचायचं काय असतं.

मामाने खांद्यावरचे पट्टे सीटवरून मागे घेतले, तसेच खाली ओढले आणि गाडीच्या खालच्या पत्र्याला बोल्टने आवळले. इलॅस्टिकसारखे. कंपनीचा बेल्ट मधे मधे येत होता, तो काढून टाकला. एका कमरेला दोन पट्टे कशाला? काम असं देखणं झालं की ताईला मुद्दाम बघायला बोलावलं.

ताई म्हणाली, "हलता तरी येतं का रे तुला यात?"

"हलायचंच नाही ना आई."

मामा म्हणाला, "ताई, तुझा लेक खिळ्यासारखा बसेल. गाडी फुटेल, हा नाही."

बारक्याचा मित्र फोटो काढायचा, सगळे त्याला फोटोवाला म्हणायचे. त्याने पाहिलं आणि म्हणाला, मलाही असंच. मामाने त्याच्याही गाडीत अगदी तसंच करून दिलं.

दोन महिन्यांनी भर दुपारी पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि बारक्या त्याच्यावर गेला. फार जोरात नव्हता. बॉनेट चेपलं, बस. लोक म्हणाले, उतरेल आता. तो उतरलाच नाही. पाठीचा एक मणका दबला होता, आणि कमरेचा पट्टा वर सरकून पोटात रुतला होता. ऑपरेशन झालं.

बारक्या शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्याला विचारलं, "ते पट्टे कुणी बसवले होते?"

मामा खाटेच्या पायाशी पाण्याची बाटली घेऊन उभा होता. बारक्याने मामाकडे पाहिलं, मग वर छताकडे.

"मीच."

मामाने बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

डॉक्टर काय ते पट्ट्यांचं बोलले, ते ताईने कानामागे टाकलं. तिचं ठरलंच होतं, पोरगं रेस लावत होतं. भेटायला येईल त्याच्यासमोर ती बारक्याला बोलायची. "घ्या, हे आमचे रेसवाले. टेम्पोशी शर्यत लावली." बारक्या पडल्या पडल्या म्हणायचा, "हो आई." मामा खुर्चीत बसून चहा प्यायचा.

दीड महिन्याने बारक्याच्या गाडीतलं सामान आणायला मामा गॅरेजवर गेला. तिथला म्हातारा मेस्त्री पूर्वी शर्यतीच्या गाड्या तयार करायचा. मामा कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"हे कुठल्या गाढवाने बसवलंय?" मेस्त्री म्हणाला.

"का? काय झालं?"

"अहो, खांद्याचे पट्टे खांद्याच्या उंचीने सरळ मागे जायला पाहिजेत. त्यांना धरायला मागे दांडा लागतो, सीट वेगळी लागते. यांनी नेऊन खाली बांधलेत. माणूस पुढे फेकला गेला की पट्टा त्याला खाली दाबणार. सगळा भार मणक्यावर. आणि पायांमधला पट्टाच नाही, मग कमरेचा पोटात चढणार नाही तर काय?"

"पट्टा तुटला नाही पण," मामा म्हणाला.

"तुटला नाही हो. बसवणाऱ्याने आवळला मात्र झकास. रोजच्या गाडीत कंपनीचा बेल्ट होता, तो ठेवला असता तर पोरगं छाती चोळत घरी गेलं असतं."

मामा गाळ्यावर आला. फोमखालून तो कागद काढला. चित्रं होती. एकात माणूस बसलाय, पट्टा मागे खाली गेलाय, आणि त्यावर मोठी फुली. वाचायची गरजच नव्हती.

मग त्याला फोटोवाला आठवला. आजही त्याच पट्ट्यात बसून फिरत असणार. मामा तसाच पाना आणि पोत्यात जपून ठेवलेला त्याच्या गाडीचा जुना बेल्ट घेऊन निघाला.

"ते पट्टे काढून टाकू," मामा म्हणाला.

फोटोवाला हसला. "मामा, तुम्ही उगाच घाबरलात. बारक्या गाडी बेफाम मारतो हो. त्याची आईच सांगत होती. पट्ट्यांचा काय दोष?"

आता गप्प बसायला जागाच उरली नव्हती.

"बारक्याचं काही नाही," मामा म्हणाला. "बसवले मी. चुकीचे बसवले. तुझेही."

फोटोवाल्याचं हसू मावळलं. मामाने पट्टे काढले, जुना बेल्ट त्याच्या हातात दिला. "कंपनीच्या वर्कशॉपमधून बसवून घे. मी हात लावणार नाही. तोपर्यंत गाडी काढू नकोस."

"बारक्याच्या आईला माहितीये?"

"आता सांगायला चाललोय."

ताई चादरींच्या घड्या घालत होती. मामाने उभ्या उभ्याच सांगितलं. कागदही दाखवला. ताईने हातातली घडी पूर्ण केली.

"दीड महिना मी त्याला बोलतेय. तुझ्यासमोर."

"हो."

"आणि तू चहा पीत बसायचास."

"हो ताई."

आतून बारक्या म्हणाला, "आई, जाऊ दे ना."

"तू गप्प. खोटं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं?" मग मामाला म्हणाली, "चुकतो रे माणूस. पण बोलला का नाहीस?"

"लाज वाटली."

"आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटतेय."

त्या दिवशी ताईने चहा विचारला नाही. पुढे वर्षभर नाही. मामा यायचा, दाराजवळच्या स्टुलावर बसायचा, बारक्याला फिरवून आणायचा आणि जायचा. एक दिवस ताईने कप समोर ठेवला. मामाने तो गार होऊ दिला, मग प्यायला.

बारक्या काठीवर चालायला लागला, पुढे दुसरी गाडी घेतली. मामा दिसला की कंपनीचा बेल्ट लावून दाखवायचा, "बघ, बरोबर आहे?" मामा वाकून बघायचा. कमरेच्या हाडावर खाली आहे का, पीळ पडलाय का. हात मात्र लावायचा नाही. सीटा शिवल्या, पण कुणाच्या बेल्टला पुन्हा हात लावला नाही.

मामाच्या छातीत दुखायला लागलं त्या सकाळी दवाखान्यात न्यायला बारक्यानेच त्याला गाडीत बसवलं. घाईत त्याचा बेल्ट लावला.

"पीळ पडलाय," मामा म्हणाला.

"राहू दे मामा, उशीर होईल."

मामाने बक्कल सोडलं, पीळ काढला, पट्टा कमरेवरून खाली सरकवला आणि परत लावला. मग बारक्याच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"हां," म्हणाला. "चल."

मामा परत आला नाही.